गोठ्यातला शेजारधर्म

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



शेतकी विभागाच्या या पानावर आम्ही एरवी बेण्याचे, खताच्या मात्रेचे नाहीतर खोडव्याच्या निगराणीचे लिहितो. या खेपेला विषय थोडा वेगळा घेतला आहे. वेगळा असला तरी तो आपल्या बांधाबाहेरचा नाही, आणि शेवटी उसाच्या सरीतच येऊन पोचतो, एवढे सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

हल्ली गट ऑफिसात बसलो की कामाचे बोलणे संपल्यावर कुणीतरी सभासद मोबाईल पुढे करतो. "साहेब, हे बघा की." बघावे तर कुठे मांजरीच्या कुशीत कोंबडीची पिल्ले झोपलेली, कुठे कुत्रीला करडू लुचतेय, कुठे म्हशीच्या पाठीवर शेळी चढून बसलेली. बघणारे हसतात, "देवाची करणी" म्हणतात आणि पुढचे चित्र काढतात. आम्हीही हसतो. पण मनात दोन गोष्टी येतात. एक अशी की, लांबच्या मुलखातल्या ज्या चित्राचे आपण एवढे कौतुक करतो तशी सोबत आपल्या स्वतःच्या परड्यात रोज घडत असते, आणि तिकडे आपले लक्ष नसते. दुसरी अशी की, एकदा चमत्कार म्हटले की माणूस त्याचे कारण शोधत नाही, आणि कारण ठाऊक नसले की ती गोष्ट राखायचीही नाही.

आमचे मत सरळ आहे. वेगवेगळ्या जातीच्या जनावरांची एकमेकांशी पडलेली गाठ हा चमत्कार नाही. तिला कारणे आहेत, ती समजण्यासारखी आहेत, आणि पुष्कळ वेळा ती कामाला लावण्यासारखीही आहेत. ती गाठ आपल्या हाताने तुटली तर तोटा सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्यालाच बसतो.

ही गाठ तीन दोऱ्यांनी बांधलेली दिसते: पोट, भीती आणि बालपण. एकेक दोरा उकलून बघू.

पोटाचे नाते

सगळ्यांत रोजचे उदाहरण गायबगळ्याचे. गुरे चरायला सोडली की पांढरे बगळे त्यांच्या पायापायांत चालतात. पावसाळ्याच्या तोंडाला यांचे डोके आणि मान केशरी होते. म्हैस पाऊल उचलते, गवत हलते, नाकतोडा उडतो आणि बगळा तो टिपतो. आपल्याकडे समज असा की बगळा गुरांच्या अंगावरचे गोचीड खातो. थोडेफार खात असेलही, पण त्याचे खरे पोट भरते ते नाकतोडे, रातकिडे, माश्या, बेडूक यांवर. म्हणजे बगळ्याला म्हशीचे अंग नको असते, तिचे पाय हवे असतात.

शास्त्रज्ञांनी हे मोजून पाहिले आहे. एकट्याने फिरणाऱ्या बगळ्यापेक्षा गुरांबरोबर फिरणाऱ्या बगळ्याला सव्वा ते दीडपट भक्ष्य मिळते, आणि त्यासाठी त्याला पावले टाकावी लागतात ती साधारण दोन तृतीयांशच. कष्ट कमी, कमाई जास्त. या हिशोबाच्या जोरावर हा पक्षी कुठल्या कुठे गेला बघा. आफ्रिकेतून समुद्र ओलांडून तो दक्षिण अमेरिकेत पोचला. तिथे तो पहिल्यांदा दिसला १८७७ च्या सुमारास. उत्तर अमेरिकेत १९४१ मध्ये दिसला आणि १९५३ मध्ये तिथे त्याने घरटी केली. तिकडे जंगले तुटून गुरांची कुरणे झाली होती. गुरे होती म्हणून बगळा टिकला.

कोतवालाचेही तसेच. काळा, लांब दुभंगलेल्या शेपटीचा हा पक्षी बैलाच्या वशिंडावर ऐटीत बसतो. बैल चालला की गवतातून किडा उडतो, कोतवाल झेप घेऊन हवेत पकडतो आणि पुन्हा वशिंडावर येऊन बसतो. साळुंक्या पायांजवळ चालतात. कोंबड्या गोठ्यात शेण उकरून माशीच्या अळ्या टिपतात. बैलाने यांतल्या कुणालाही बोलावलेले नसते, आणि तो कुणाला हाकलतही नाही.

आता हे उसाशी कुठे जुळते? हुमणीशी जुळते. हुमणीचे वर्षातून एकच चक्र असते. वळवाचा पाऊस झाला की मे-जूनमध्ये संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून वर येतात, कडुनिंब-बाभळीवर जमतात, आणि पुढे अंड्यांतून निघालेल्या अळ्या पावसाळाभर उसाची मुळे खातात. पावसाळ्यानंतर त्यांचे कोष होतात आणि कोषातले भुंगेरे उन्हाळाभर मातीत पडून राहतात. खोडवा मोडून आपण नांगरट करतो तेव्हा हे सगळे वर येते. नांगरामागे बगळे, कावळे, साळुंक्या यांची रांग लागते ती याच मेजवानीला. आपला बैल गेला आणि ट्रॅक्टर आला तरी पाखरांनी आपला रिवाज सोडलेला नाही. ती ट्रॅक्टरमागेही येतात. फक्त त्यांना दिवस लागतो. हल्ली ट्रॅक्टरवाल्याच्या सोयीने रात्री दिवे लावून नांगरट होते, तेव्हा फासाखालून वर आलेली हुमणी सकाळपर्यंत पुन्हा मातीत शिरते. म्हणून आमचे म्हणणे असे की, हुमणी लागलेल्या रानाची नांगरट उजेडात करून घ्या. ट्रॅक्टरवाल्याला चार तास थांबवायला लागले तरी चालेल. पाखरांना मजुरी द्यावी लागत नाही.

पाखरांनी हुमणी संपेल असे आम्ही म्हणत नाही. भुंगेरे सामुदायिकपणे गोळा करणे, प्रकाश सापळे लावणे हे करावेच लागेल. पण फुकटचा मदतनीस दारात उभा असताना त्याला अंधारात ठेवू नये.

भीतीचे नाते

दुसरा दोरा भीतीचा. गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही सगळी मूळची कळपाची जनावरे. कळपातून एकटे पडणे म्हणजे वाघ-लांडग्याच्या तोंडी जाणे, हे हजारो वर्षांचे शिक्षण त्यांच्या रक्तात आहे. आपण त्यांना दावणीला बांधले, भिंत बांधली, दिवा लावला, तरी ते शिक्षण गेलेले नाही. म्हणूनच जोडीतला एक बैल बाजारात गेला की मागे राहिलेला हंबरतो, दाव्याला हिसके देतो, वैरणीला तोंड लावत नाही. एकटे बांधलेले वासरू असेच झुरते.

आपल्या जातीचे कुणी नसले तर जनावर दुसऱ्या जातीची सोबत पत्करते. पुष्कळ वस्त्यांवर आता एकच संकरित गाय उरली आहे. अशा गायीजवळ शेळी बांधली तर गाय शांत होते, हा अनुभव आपल्या बायामाणसांना विचारा, त्या सांगतील. परदेशात शर्यतीच्या बुजऱ्या घोड्यापाशी शेळी ठेवायची जुनी चाल आहे. तिथेही कारण हेच. धनगर मेंढ्यांच्या कळपात चार-दोन शेळ्या ठेवतो, त्या काही फक्त दुधासाठी नसतात. ओढा आला, अनोळखी वाट आली की मेंढ्या अडून बसतात. शेळी धीट. ती पुढे झाली की सगळा कळप तिच्यामागे जातो. भित्र्याने धीटाचा आधार घ्यायचा, एवढाच हा व्यवहार.

पाखरांतही हे आहे. कोतवाल आकाराने लहान, पण घरट्याजवळ कावळा आला, घार आली, तरी तो तिच्या पाठीवर जाऊन चोची मारतो. म्हणून होला, बुलबुल, हळद्या असे गरीब पक्षी कोतवालाच्या झाडावर किंवा शेजारच्या झाडावर घरटी करतात. आपल्या माणसांनी त्याचे नाव कोतवाल ठेवले ते उगीच नाही. बांधावरची बाभूळ किंवा कडुनिंब तोडताना एक झाड गेले असे आपण धरतो. तिथली चौकी आणि तिच्या आसऱ्याची सगळी वस्ती गेली, हे हिशोबात येत नाही.

बालपणाचे नाते

तिसरा दोरा सर्वांत चिवट. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत-आठवड्यांत ज्याच्या सहवासात राहिले, त्याला जनावर आपले समजते.

खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवून पाहणाऱ्यांना हे ठाऊक आहे. कोंबडीची अंडी २१ दिवसांत फुटतात, बदकाची २८ दिवस घेतात. कोंबडी बिचारी आठवडाभर जास्त बसते. पिल्ले निघाली की तिच्याच मागे चालतात. आणि एके दिवशी पाटाच्या पाण्यात सरळ उतरतात. कोंबडी काठावर पंख पसरून ओरडत राहते. तिच्या दृष्टीने पोरे बुडाली! कॉन्राड लोरेंझ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये याच गोष्टीची शास्त्रीय मांडणी केली: अंड्यातून निघालेले हंसाचे पिल्लू पहिल्याने जे हलताना पाहते त्याला आई मानते, मग तो माणूस का असेना. लोरेंझ यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक दोघा सहकाऱ्यांबरोबर विभागून मिळाले. म्हणजे आपल्या आजीने डालग्याखाली पाहिलेली गोष्ट काही कमी मोलाची नव्हती.

कुत्र्याचे पिल्लू साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत ज्यांच्यात वाढते, त्यांच्याशी त्याचे नाते पक्के होते. इटली, स्पेन, तुर्कस्तान इथले मेंढपाळ पिढ्यान् पिढ्या याच वयात पिल्लू मेंढ्यांत सोडत आले आहेत. आपल्या धनगरांच्या वाड्यावर तर कुत्री जन्मतातच मेंढ्यांच्या वासात. असे कुत्रे मेंढीला खाणे समजत नाही, घरची समजते.

याचे एक नवलाचे उदाहरण ऑस्ट्रेलियात घडले. तिथे वॉर्नंबूल गावाजवळ समुद्रात एक लहान बेट आहे. त्यावर पेंग्विन नावाचे, उडता न येणारे ठेंगणे पाणपक्षी राहतात. ओहोटीच्या वेळी कोल्हे बेटावर जाऊन त्यांचा फडशा पाडू लागले, आणि २००५ च्या सुमारास जिथे शेकड्यांनी पक्षी असत तिथे दहासुद्धा दिसेनात. जवळच एक कोंबडीपालक शेतकरी होता. तो आपल्या कोंबड्या इटालियन जातीच्या राखणदार कुत्र्यांकडून राखत असे. कोंबड्या राखणारे कुत्रे हेही पक्षी राखील, अशी ही शेतकऱ्याची अक्कल. २००६ पासून कुत्री बेटावर ठेवली, कोल्हे मागे हटले, पक्षी पुन्हा वाढले. पुढे २०१७ मध्ये समुद्र खवळल्यामुळे कुत्र्यांना बेटावर नेता आले नाही, तेवढ्या फटीत कोल्ह्यांनी पुन्हा बरीच पाखरे मारली. राखणदाराची किंमत तो नसतो त्या रात्री कळते.

दुसरे उदाहरण आपल्या जास्त जवळचे. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात होर्नादा नावाचे सरकारी संशोधन क्षेत्र आहे. तिथे १९८० च्या दशकात एक प्रयोग झाला. कोयोट नावाच्या कोल्ह्यासारख्या श्वापदाचा तिथे फार उपद्रव. शास्त्रज्ञांनी कोकरे कालवडींबरोबर एकाच आवारात सुमारे दोन महिने ठेवली. त्यानंतर मोकळ्या रानात सोडल्यावर ही कोकरे गायींचा कळप सोडीनात. धोका दिसला की गायींच्या पायांत घुसत. ज्या मेंढ्यांना अशी सवय लावली नव्हती, त्या वेगळ्या चरत आणि मारल्या जात. गायींच्या संगतीतल्या मात्र वाचत. करडांवरही पुढे असाच प्रयोग झाला. यात औषध नाही, यंत्र नाही. लहानपणीचा दोन महिन्यांचा शेजार, एवढेच भांडवल.

आपल्याकडे ऊसतोडीला बीडकडून गाडीवान येतात. त्यांच्या गाडीखाली, आखाच्या सावलीत, कुत्रे चालत असते. गाडीखालच्या कुत्र्याला वाटते की गाडी आपणच ओढतो, अशी म्हण करून आपण त्याला हसतो. पण रात्री कोपीपुढे बैल बसलेले असतात, गाडीवान दिवसभराच्या तोडणीने मेल्यासारखा झोपलेला असतो, तेव्हा त्या बैलांच्या तोंडापाशी जागे कोण असते? बैलही त्या कुत्र्याला शिंग दाखवत नाहीत. ही ओळख एका दिवसाची नसते. पिल्लू असल्यापासून ते त्या बैलांच्या पायांत वाढलेले असते.

बिबट्या आणि गाय

मोबाईलवरच्या चित्रांत एक चित्र वारंवार येते: दाव्याला बांधलेली गाय आणि तिला बिलगून बसलेला बिबट्या. हे चित्र खोटे नाही. गुजरातेत वडोदरा जिल्ह्यातल्या अंतोली गावी २००२ साली हे घडले. बिबट्या रात्री गावात येई, एका गायीपाशी बसे, आणि तिला इजा न करता निघून जाई. त्या वेळी वृत्तपत्रांत त्याच्या बातम्या आणि छायाचित्रे आली. मात्र त्याला लहानपणी त्या गायीने दूध पाजले होते, ही पुढची कथा लोकांनी जोडलेली आहे. तिला आधार नाही. हेच चित्र दुसऱ्या राज्यांच्या नावावरही खपवले जाते.

आम्ही हे मुद्दाम लिहितो, कारण उसाच्या पट्ट्यात बिबट्या आता पाहुणा राहिलेला नाही. तो फडात जन्मतो, फडात वाढतो. अंतोलीचा बिबट्या हा अपवाद. अपवाद पाहून हसावे, नवल करावे, पण त्याच्यावर विसंबून शेळी उघड्यावर बांधू नये. आपल्याच राज्यात अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचे खाणे तपासले गेले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, वजनाने सुमारे ३९ टक्के, निघाला. म्हणजे ज्या कुत्र्याला आपण राखणीला अंगणात साखळीने बांधतो, ते बिबट्याच्या लेखी ताट वाढून ठेवलेले असते. बांधलेले कुत्रे पळू शकत नाही आणि लढूही शकत नाही. तेव्हा शेळी, करडे आणि कुत्रे रात्री एकत्र, पण जाळी आणि छप्पर असलेल्या बंद गोठ्यात ठेवा. कुत्रे आतून भुंकेल, तुम्ही जागे व्हाल. तेवढेच त्याचे काम.

सगळीच दोस्ती हिताची नव्हे

एका वेगळ्या जोडीचीही ओळख करून द्यायला हवी, नाहीतर हा लेख एकांगी होईल. उसाच्या कांडीवर, पाचटाच्या आड पिठ्या ढेकूण बसतो. तो रस शोषतो आणि अंगातून गोड चिकटा सोडतो. मुंग्या त्या चिकट्यासाठी त्याच्याभोवती राबतात. आपण म्हैस पाळावी तशा त्या ढेकणाला पाळतात, त्याला खायला येणाऱ्या मित्रकिडींना हुसकून लावतात. या दोघांचे अगदी छान जमते, पण घर आपले बसते.

इथे आपण ती दोस्ती तोडायची. वाळलेली खालची पाने वेळेवर काढली की कांडी उघडी पडते आणि ढेकणाला आडोसा राहत नाही. काढलेले पाचट सरीत अंथरा. तोडणीनंतर तर हेक्टरी आठ-दहा टन पाचट रानात मिळते. ते जाळले की मातीतला ओलावा, गांडुळे, सरडे, मित्रकिडी आणि त्यांवर जगणारी पाखरे सगळी एका काडीत जातात. २०१९ च्या एप्रिलमध्ये पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यात उसाच्या फडात पाचट पेटवले गेले आणि बिबट्याची पाच पिल्ले त्यात होरपळून मेली. काडी ओढणाऱ्याला फडात काय आहे ते दिसत नसते.

मित्रकिडींची किंमत आपण एकदा चुकती केलेली आहे. २००२ मध्ये पश्चिम महाराष्ट्राच्या उसावर लोकरी मावा आला. पानांवर काजळी धरली, सभासद हवालदिल झाले. फवारे मारमारून माणसे दमली, आणि शेवटी मावा आटोक्यात आला तो मुख्यतः डिफा आणि मायक्रोमस या मावा खाणाऱ्या किडींमुळे. कारखान्यांनी त्या किडी एका रानातून दुसऱ्या रानात नेऊन सोडल्या. ज्याने घाईने जहाल फवारा मारला, त्याच्या रानात माव्याबरोबर माव्याचा शत्रूही मेला.

हरकत आणि उत्तर

एक जुने सभासद आम्हांला तोंडावर म्हणाले, "साहेब, बगळ्या-कुत्र्यानं टनेज वाढतंय व्हय? तुम्ही आपलं उसाचं सांगा."

प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे. बगळ्याने टनेज वाढत नाही. पण बगळा नाहीसा होतो तेव्हा टनेज घटवणारे काहीतरी रानात शिरलेले असते. फोरेटसारखे जहाल विष आपण हुमणीसाठी वर्षानुवर्षे सरीत पेरले. २०२० च्या अखेरपासून त्याच्यावर देशात बंदी आहे. विषाने मेलेला किडा पाखरू खाते, विषारी गोळी खाल्लेला उंदीर घुबड आणि मांजर खाते. विष एका जनावरापाशी थांबत नाही, पोटाच्या नात्याने पुढे पुढे जाते.

गिधाडांचे उदाहरण तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडले. गाय जिवंत असेपर्यंत बगळ्याची, मेल्यावर गिधाडाची, असा हा जुना करार होता. गुरांच्या ताप-दुखण्यावर डायक्लोफेनॅक टोचू लागले, आणि अशा मेलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली. हे कारण २००४ मध्ये उघड झाले. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर आपल्याकडे बंदी आली, पण तोवर बहुतेक गिधाडे संपली होती. पुढे २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही जनावरांपुरती बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित ठरले आहे. डॉक्टरांना नावाने विचारा. गिधाडे गेली, मढी ओढ्याकाठी सडू लागली, आणि मोकाट कुत्र्यांचे कळप वाढले. ज्याच्या वस्तीजवळ हे कळप फिरतात, त्या सभासदाला तोटा म्हणजे काय ते आम्ही सांगायला नको.

एक सावधगिरीही सांगतो. सोबत निरोग्यांची असावी. लाळ-खुरकूत गायीकडून शेळीकडे जाते, तेव्हा सगळ्या जनावरांचे लसीकरण एकाच वेळी करा. आजारी जनावर ताबडतोब वेगळे बांधा. २०२२ मध्ये लम्पी आली तेव्हा हेच करावे लागले, आणि त्या वेळी गायींना टोचली ती लस मुळात शेळ्यांच्या देवीची होती. गोठ्यातल्या शेजाऱ्याचा असाही उपयोग झाला.

सभासदांना विनंती

सगळ्यांनी बैल पाळा, असे सांगायला आम्ही बसलेलो नाही. वैरणीचे भाव आणि माणसांची टंचाई आम्हांलाही दिसते. जेवढे आहे तेवढे नीट ठेवा, एवढेच म्हणणे आहे.

१. हुमणीग्रस्त रानाची नांगरट दिवसाच करा.

२. कुत्रे पाळायचे तर दीड-दोन महिन्यांचे पिल्लू आणा आणि ते पहिल्या दिवसापासून करडे-वासरांच्या वासात वाढवा. चावायला-पळवायला लागले तर तिथल्या तिथे दरडावा. मोठे झाल्यावर ही शिकवण लागत नाही.

३. एकटे जनावर ठेवू नका. गाय एकच असेल तर शेळीची जोड द्या. जोडीतले एक जनावर विकायचे असेल तर मागे राहणाऱ्याला आधी दुसऱ्या सोबतीची सवय लावा, मग विका.

४. कोवळी करडे कालवडींच्या गोठ्यात, दृष्टीसमोर, दीड-दोन महिने ठेवून पाहा. कोल्हा-कुत्र्यांच्या उपद्रवाला उपयोग होईल. बिबट्याच्या भागात मात्र बंद गोठ्याला पर्याय नाही.

५. पाचट जाळू नका. विष वापरण्याआधी गटाच्या कृषी सहायकाला रान दाखवा.

६. बांधावरचे एक तरी मोठे झाड राहू द्या.

सहकारी कारखाना उभा राहिला तेव्हा त्यात मोठे बागाईतदार होते आणि अर्ध्या एकराचा धनीही होता. सगळ्यांचे एकमेकांवर प्रेम होते म्हणून कारखाना निघाला, असे कुणी सांगू नये. प्रत्येकाचे पोट त्यात होते, प्रत्येकाला व्यापाऱ्याची भीती होती, आणि पुष्कळजण एकाच शाळेत शिकलेले होते. तेवढ्यावर गाडा चालला आणि पुढे माया आपोआप आली. गोठ्यातल्या जनावरांचेही तसेच आहे. त्यांच्या सोबतीला जागा ठेवणे आपल्या हाती आहे.

आपल्या वस्तीवर अशी काही जोडी असेल, तिचा राखणीला, दुधाला, किडीला काही उपयोग दिसला असेल, तर गट ऑफिसात सांगा. जे पडताळून खरे निघेल ते या पानावर इतर सभासदांसाठी छापू.

कळावे.